खमिराची खोली

अण्णाराव : बाजूला हो म्हणलं ना साहेबराव! नारळ धरून धरून हात अवघडला माझा.

साहेबराव : नारळ फाटकावर फोडा मालक. बॉयलरपुढं फोडा. या खोलीत नाही.

अण्णाराव : कारखाना कुणाचा हाय?

साहेबराव : तुमचा.

अण्णाराव : जमीन, विहीर, हे दार, दाराची कडी?

साहेबराव : सगळं तुमचं. आतलं यीस्ट तेवढं तुमचं नाही.

अण्णाराव : मंग काय तुझं?

साहेबराव : माझंही नाही. ते जिवंत आहे, त्याचं तेच. आपण फक्त त्याला सांभाळायचं.

अण्णाराव : ऐकलं का शिवगंगा? निजामाचं संस्थान खालसा झालं, आन माज्या कारखान्यात ह्या खमिराचं संस्थान उभं राहिलं! दारावर पहारा बी हाय. पगार मात्र मी देतो.

शिवगंगा : मला कामून इचारताव? मी दह्याची वाटी घिऊन उभी हाय. तुमचं भांडण मिटूस्तोर दह्याला पाणी सुटलं.

अण्णाराव : हे बघ बाबा, मी शिकलेला न्हाई. तू बेंगळूरला जाऊन बीअर करायची इद्या शिकलास, कबूल. पण दोन खेपा आंबल्या का न्हाई? पहिली खेप नांदेडला गेली, तर तिथला ठोक दुकानदार किशनराव मला म्हणतो, अण्णाराव, लेबलावर म्हैस छापा, लोक ताक म्हणून तरी घेतील. दुसरी आपणच नालीत सोडली. ह्या दुष्काळात! बायका घागरी घेऊन टँकरमागं पळून राहिल्या आन शेटकाराच्या कारखान्यातून बीअरचा ओढा वाहून राहिला. लातूरभर बोभाटा झाला. आता विहिरीत एका खेपेपुरतं पाणी हाय. ही तिसरी नासली तर कारखान्याला कुलूप.

साहेबराव : आणि मी गावाला, उमरीला परत.

अण्णाराव : आन तू उमरीला परत! म्हून देवाचं नाव घ्यायला आलोय. चोरी करायला न्हाई आलो.

साहेबराव : मालक, मी नांदेडची सरकारी नोकरी सोडून तुमच्याकडं आलो. पाणी तपासायची नोकरी होती, पेन्शनची. घरात रडारड झाली. ही खेप नासली तर तुमचा एक धंदा बुडेल. तुमच्या भावांच्या डाळमिली आहेत, तुम्ही उद्या तिथं बसाल. मी कुठं बसू?

शिवगंगा : खरं हाय त्याचं. समद्या भाऊबंदांनी मुकाट्यानं डाळमिली टाकल्या. ह्यांनाच खाज. म्हणं जिल्हा नवा झाला, कलेक्टर आला, आता लातूरचं काहीतरी नवं निघालं पायजे. मंग काय काढलं? बीअर! लिंगायताच्या घरात! माजी सासू असती तर दोघांनाबी विहिरीत लोटलं असतं.

अण्णाराव : विहिरीत पाणी असतं तर.

शिवगंगा : आन मजा बगा, मालक पीत न्हाई, करणाराबी पीत न्हाई.

साहेबराव : मी रोज पंचशील म्हणतो काकू. चव घेतो आणि थुंकतो. थुंकून पण आंबट कळतंच.

अण्णाराव : हसू नका तुमी दोघं. साहेबराव, बाजारात लोक काय बोलून राहिलेत, ठाव हाय का तुला?

साहेबराव : ठाव आहे.

अण्णाराव : मी न्हाई म्हणत. लोक म्हणतात.

साहेबराव : काय म्हणतात? तुमच्या तोंडून ऐकू द्या.

शिवगंगा : साकु! बास करा. मुहूर्ताच्या टायमाला नगं ते.

साहेबराव : नाही काकू, ऐकू द्या मला.

अण्णाराव : म्हणतात... शेटकारानं खमीर सोनकांबळ्याच्या हातात दिलं, मंग नासंल न्हाई तर काय हुईल.

साहेबराव : आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?

अण्णाराव : मी? मी काय म्हणणार. मी म्हणलो, चला, दुकानं बंद करायची येळ झाली.

साहेबराव : म्हणजे काही नाही म्हणालात.

शिवगंगा : न्हाई म्हणले. घरी येऊन जेवले बी न्हाईत, पण तिथं तोंडातून शबुद काढला न्हाई. मी शिव्या दिल्या तवा.

साहेबराव : बरं. एक सांगतो मालक. त्या दोन खेपांनंतर मी सगळ्यात आधी माझ्यावरच संशय घेतला. अंगावरचे कपडे उकळून घातले. टाक्यांत उतरून हातानं घासल्या. पाईपाचा जोड न जोड उघडला, आतून कापड फिरवलं. विहिरीचं पाणी तपासलं, जव तपासलं. कुठं कण सापडला नाही. तरी आंबली. रात्री झोप लागत नव्हती. वाटायचं, लोक म्हणतात तसं खरंच माझ्या हातात काही आहे का. एवढा शिकलो आणि हे वाटायचं! त्याचा राग येतो मला, बाकी कशाचा नाही.

शिवगंगा : अय्यो, असं मनात बी आणू नको रे.

साहेबराव : म्हणून या वेळी ठरवलं. बेंगळूरहून नवं यीस्ट आणलं आणि माझ्याशिवाय कुणी आत जायचं नाही. मालक नाही, पूजेला येणारे स्वामी नाहीत, देवसुद्धा नाही.

अण्णाराव : देवाला कोण आडवतो रे? बरं, नारळ मी बॉयलरपुढं फोडतो. झालं समाधान? पण पहिली ओंजळ मालकाच्या हातानं पडली पायजे. ते मी सोडणार न्हाई. शिवगंगा, दे.

शिवगंगा : हं, घ्या. दही-साखर. यश येऊ दे.

अण्णाराव : आं... गोड हाय. चल, हट आता.

साहेबराव : थांबा. आत्ता काय केलं तुम्ही?

अण्णाराव : काय केलं? दही खाल्लं. चांगल्या कामाला निघताना तळहातावर दही घेत न्हाईत काय तुमच्यात?

साहेबराव : घेतात. हात कुठं पुसला?

अण्णाराव : धोतराला. आता हात पुसायचा बी हिशेब देऊ का?

साहेबराव : आणि आता हा हात कुठं जाणार होता?

अण्णाराव : खमिरात. सांगितलं की, पहिली ओंजळ.

साहेबराव : मालक, ‘पहिली ओंजळ सोडणार नाही’ म्हणालात. या आधी कधी टाकली होती?

अण्णाराव : आं? न्हाई, तसं न्हाई. बोलायची रीत असती.

शिवगंगा : आसं कसं? दोन्ही बारीला तुमीच तर टाकली! तू बॉयलरकडं होतास साहेबराव, ह्ये मागच्या दारानं गेले. मीच तर दही दिलं हातावर. म्हणले, त्याला सांगू नको, उगं कायदा शिकवत बसंल.

अण्णाराव : तुझी जबान म्हंजी फुटका माठ हाय, शिवगंगा.

साहेबराव : दोन्ही वेळा?

अण्णाराव : मालकाचा शुभ हात लागावा म्हून गेलो. कुणाचं वाईट करायला गेलो व्हतो का?

साहेबराव : हात दाखवा.

अण्णाराव : काय?

साहेबराव : दाखवा तर. आता नाकाशी न्या. कशाचा वास येतोय?

अण्णाराव : दह्याचा. मंग?

साहेबराव : किशनराव काय म्हणाले होते? लेबलावर म्हैस छापा. अख्खं नांदेड सांगत होतं ताक झालंय, ताक झालंय, आणि मी गाढव पाईप उघडून बसलो होतो! काकू, तुम्ही विरजणाचा हात दुधाच्या पातेल्यात घालता का?

शिवगंगा : शिवशिवा! मी? सून घरात आली तवा पैली गोष्ट हीच शिकवली. विरजण लावलं की हात धू, मंग दुधाला शीव. न्हाई तर सकाळच्या चहाला दूध नासलंच म्हणून समज. एका थेंबात पातेलं जातंय... अय्यो. अय्यो गं माय! आन मीच दोन्ही बारीला ह्यांच्या हातावर...

साहेबराव : तेच. यीस्ट मी आधी जवाच्या गोड पाण्यात वाढवतो. बीअर नासू न देणारी कडू फुलं, हॉप्स, त्यात अजून पडलेली नसतात, राखण करायला कुणी नसतं. त्यात दह्याचा जीव शिरला की तोही तिथंच वाढतो. मग टाकी कितीही घासा, आंबटाचं बी आपणच पेरलेलं असतं.

अण्णाराव : म्हंजी... माज्या हातानं नासली?

साहेबराव : हाव.

अण्णाराव : शेटकाराच्या हातानं? दोन्ही?

शिवगंगा : दोन्ही. आन बाजारात नाव कुणाचं घेतलं?

अण्णाराव : गप बस.

शिवगंगा : मी कामून गप बसू? तुमी बाजारात गप बसला, तेवढं गप बसणं घरातल्या समद्यांना पुरंल.

अण्णाराव : खाली बसू दे मला जरा. साहेबराव, ही पायरी तरी शिवली तर चालती का?

साहेबराव : बसा की.

अण्णाराव : म्हंजी आजपासून मी माज्याच कारखान्यात विटाळ. हात लावायचा न्हाई, आत यायचं न्हाई. आसंच म्हणायचं ना तुला? मला शिवू देणार न्हाई तू?

साहेबराव : आत्ता नाही.

अण्णाराव : बघ शिवगंगा, काय दिवस आले. हा मला शिवू नको म्हणतो.

साहेबराव : मालक, माझ्या आज्याला उमरीच्या आडावर शिवू नको म्हणायचे. उन्हात घागर खाली ठेवून बसायचा, कुणी वरून ओतलं तर ओतलं. पण त्याला कधी कुणी म्हणालं नाही की, बाबा, धुऊन ये. नदीत बुडवून काढला असता तरी तो आडाजवळ चालला नसता. मी तुम्हाला म्हणतोय, धुऊन या. एवढाच फरक आहे. पण लई मोठा फरक आहे.

शिवगंगा : ऐकलं का?

अण्णाराव : ऐकलं.

साहेबराव : तो नळ तिकडं. साबण ठेवलाय. कोपरापर्यंत धुवा, आणि पहिली ओंजळ तुम्हीच टाका. माझी काही हरकत नाही.

अण्णाराव : खरंच टाकू देशील?

साहेबराव : धुतलेला हात कुणाचाही चालतो यीस्टला.

अण्णाराव : हं. नळ सोड. आस्ते सोड रे! ह्या दुष्काळात पाण्याचं काय मोल हाय ठाव न्हाई का तुला? हीच तर भानगड हाय तुझी. पेलाभर बीअर काढायला घागरभर पाणी धुण्यात घालतोस. फरशी धू, टाकी धू, धुतलेली टाकी परत धू.

साहेबराव : शेवटचं निवळ पाणी हौदात जातं, त्यानंच दुसरी टाकी पहिल्यांदा धुतो. वाया काही घालवत नाही. आणि मी ठरवलंय मालक, ही खेप निम्मीच करायची.

अण्णाराव : निम्मी? एक तर शेवटची खेप, त्यातबी निम्मी?

साहेबराव : विहिरीचं सकाळचं पाणी वस्तीला सोडायचं हे तुम्ही कबूल केलंय. उरलेल्या पाण्यात एक तर पुरी टाकी बीअर होईल आणि धुणं अर्धवट राहील, नाही तर धुणं पुरं होईल आणि बीअर निम्मी. पाणी कमी पडलं तर बीअर कमी करू. धुणं कमी करणार नाही.

शिवगंगा : मला पटलं. भांडी घासायला पाणी नसंल तर मी भाजी एकच करते, उष्ट्या पातेल्यात दोन न्हाई करत.

अण्णाराव : दोघं एक झाल्यावर माजं काय चालतंय. निम्मी तर निम्मी. हं, बघ, झाले हात.

साहेबराव : अंगठी.

अण्णाराव : अंगठीला काय झालं? पोवळं हाय, मंगळासाठी घातलंय. लग्नापासून निघाली न्हाई कधी.

साहेबराव : म्हणून तर. काढा.

अण्णाराव : निघत न्हाई रे. आई गं... बोट निघंल, अंगठी न्हाई निघणार.

शिवगंगा : थांबा, साबण लावा मधे. वढा. वढा की! निघाली बगा. अय्यो, हिच्याखाली काय जमलंय ह्ये पांढरं?

अण्णाराव : विभूती असंल.

शिवगंगा : वास घ्या. दही हाय. कोणत्या मुहूर्ताचं देव जाणे.

साहेबराव : नखं.

अण्णाराव : नखं बी?

साहेबराव : नखं आधी काढली पाहिजेत. हे घ्या कात्री.

अण्णाराव : लगीन लावताना एवढं घासलं नव्हतं मला. आन गळ्यातलं? आता तू म्हणशील गळ्यातलं लिंग काढा. ते मी मेलो तरी अंगावरून काढणार न्हाई, साहेबराव. सांगून ठेवतो.

साहेबराव : ते काढा असं मी म्हणणारच नाही. हा पांढरा सदरा उकळून वाळवलाय. गळ्यापर्यंत गुंड्या लावा, लिंग आत नीट राहील. टोपी कपाळावर ओढून घ्या, भस्म गळायला नको. बस.

अण्णाराव : तू माज्यासाठी आधीच उकळून ठेवला व्हतास सदरा?

साहेबराव : दोन ठेवलेत. कधी ना कधी मालकाला आत यावंसं वाटेल, वाटलं.

शिवगंगा : आन मी?

साहेबराव : काकू, बांगड्या उतरवाव्या लागतील.

शिवगंगा : काचेच्या हायत रे, भरलेल्या. उतरत न्हाईत. मी आपली भाईर थांबते, खिडकीतून बगते. मला कळलं म्हंजी झालं. तुमी जावा.

अण्णाराव : साहेबराव, एक इचारू? तुझा बाप येऊन गेला म्हणं मागच्या महिन्यात. दगडोबा ना नाव?

साहेबराव : हाव. भाकरी आणि ठेचा दिला फाटकावर, परत गेले.

अण्णाराव : आत कामून न्हाई आला?

साहेबराव : मला विचारत होते, आपल्याला आत कुठवर जाऊ देतात?

अण्णाराव : तू काय म्हणलास?

साहेबराव : म्हणालो, खेप चांगली उतरली की सांगतो. चला मालक. आत गेल्यावर शिंकायचं नाही. शिंक आली तर बाहेर पळा.

(काही आठवड्यांनंतर. ऊन तसंच, आभाळ तसंच कोरडं. कारखान्याच्या हापिसाची मागली खिडकी. किशनराव आत आले आहेत, बाहेर शिवगंगा, अण्णाराव आणि टाकी घासणारा साहेबराव.)

शिवगंगा : बसले. खुर्चीत बसले किशनराव. तोंड आसं केलंय, औषध पाजायला आणल्यावानी.

अण्णाराव : मला सांगू नको. मला बघवत न्हाई. साहेबराव, तू तरी ये की इकडं! नांदेडचा माणूस आलाय, तुजा-माजा निकाल लागून राहिलाय आन तू टाकी घासून राहिलास?

साहेबराव : खेप निघाली की टाकी धुवायची. निकाल काही का लागेना, टाकी धुवावीच लागते. वाळली की चिकटून बसतं सगळं.

शिवगंगा : चंद्रप्पा मुनीम बाटली घिऊन आला. किशनराव बाटली हातात घिऊन वाचायलेत. लेबल वाचायलेत.

अण्णाराव : वाचू दे! जिल्हा लातूर छापलंय. नांदेडला गेलेल्या पहिल्या खेपेवर जिल्हा उस्मानाबाद व्हतं, जुनी लेबलं संपवायची म्हून. ही नव्या जिल्ह्याची पहिली बाटली हाय. पुढं?

शिवगंगा : म्हैस कुठं हाय, म्हणले. हसायलेत. चंद्रप्पा बी हसला, मेला.

अण्णाराव : त्याचा पगार कापतो.

शिवगंगा : उघडली. फेस आला वर. पेला भरला. उजेडाकडं धरला पेला. फिरवला. साहेबराव, कसा दिसतो ठाव हाय का? करडईच्या तेलावानी, पिवळा आन साफ. पलीकडचं क्यालेंडर दिसून राहिलं त्यातून.

साहेबराव : गढूळ नाही ना काकू?

शिवगंगा : न्हाई रे. आता वास घेतला. परत घेतला. भिवया वर गेल्या.

अण्णाराव : वर म्हंजी कशा? रागानं का कशानं?

शिवगंगा : तोंडाला लावला! अय्यो देवा. लावला. एक घोट. थांबले.

अण्णाराव : थुंकला का?

शिवगंगा : न्हाई.

अण्णाराव : थुंकला न्हाई? नक्की?

शिवगंगा : गिळला. डोळे मिटले. आता... आता समदा पेला एका दमात! समदा! मिशीला फेस लागला, पुसना बी झाले. चंद्रप्पाकडं पेला पुढं केला. आणखी म्हणून राहिलेत!

अण्णाराव : साहेबराव! साहेबराव, आणखी मागतोय रे! अरे ब्रश टाक तो खाली! तो मागं पैशे परत मागायला आला व्हता, आज पेला पुढं करतोय!

साहेबराव : ऐकू आलं मालक. एकदा परत सांगा, काकू. थुंकले नाहीत ना?

शिवगंगा : थेंब सांडला न्हाई बाबा. रडतोस कशाला आता?

साहेबराव : कास्टिक सोड्याच्या पाण्यानं डोळे झोंबतात.

शिवगंगा : हाव हाव, झोंबतात. माजे बी झोंबून राहिलेत, मी तर कास्टिक बगितलं बी न्हाई. थांबा, काय तरी बोलायलेत ते. ‘चंद्रप्पा, खरं सांग, ही भाईरून आणून तुमच्या बाटलीत भरली का?’ म्हणले.

अण्णाराव : काय? भाईरून? भाईरून म्हणतो? सरक, मला बघू दे. अहो किशनराव! किशनराव, खिडकीकडं बघा. इकडं! शपथ घेतो, ह्याच विहिरीचं पाणी, ह्याच टाकीतली बीअर!

शिवगंगा : म्हणतात, मंग मला ती खोली बघायची हाय जिथं ह्ये बनतंय. कारीगराला बी बघायचं हाय. उठले बगा. इकडंच यायलेत. जोडे घालूनच.

साहेबराव : मालक, खोली उघडी आहे. मी पुढं जाऊन थांबवतो त्यांना.

अण्णाराव : तू उभा राहा हितंच. मी बघतो. किशनराव! थांबा तिथंच. न्हाई, पुढं न्हाई यायचं. जोडे तिथं काढा. हो, मला ठाव हाय तुमी नांदेडचे किती मोठे दुकानदार हाव. तो नळ बघा, शेजारी साबण हाय. कोपरापर्यंत धुवा. अंगठी काढा. काय म्हणता? बेइज्जती? बेइज्जती कशाची? मी मालक असून धुतल्याबिगर जात न्हाई. सदरा तिथं खुंटीला हाय, गळ्यापर्यंत गुंड्या लावा.

शिवगंगा : किती झालं तरी ते गिऱ्हाईक हाय, अहो.

अण्णाराव : गिऱ्हाईक असू दे न्हाई तर कलेक्टर असू दे. काय इचारलं किशनराव? कारीगर कोण? हा काय उभा हाय समोर. साहेबराव सोनकांबळे. उमरीचा. समदी खेप ह्याच्या हातची. आन ऐका, नांदेडच्या बाजारात जाऊन माजं नाव घेऊन सांगा, आधीच्या दोन खेपा ज्या आंबल्या ना, त्या अण्णाराव शेटकाराच्या हातच्या व्हत्या. दह्याचा हात घातला व्हता मी. हसा, पोटभर हसा. पण हेच सांगा. लातूरच्या बाजारात मी सांगून आलोय.

साहेबराव : कधी सांगितलं मालक?

शिवगंगा : सकाळी. चौकात उभं राहून, चहाच्या टपरीवर. ह्या बारीला दुकानं बंद करायची येळ झाली न्हवती बगा.

साहेबराव : आणि ही खेप बिघडली असती तर?

अण्णाराव : तरी आधीच्या दोन माज्याच व्हत्या की. किशनराव, नखं राहिली! कात्री खिडकीत हाय. शिवगंगा, दाखव त्यांना.

शिवगंगा : या दादा, इकडं या. लाजू नगा. ह्यांनाबी अशीच कापायला लावली व्हती. ह्यांच्या अंगठीखालून काय निघालं ते सांगते तुम्हाला, चला.

अण्णाराव : गेली. आता ती अंगठीचं नांदेडपर्यंत करणार. जाऊ दे. साहेबराव, आणखी एक खेप हुईल का रे विहिरीच्या पाण्यात?

साहेबराव : निम्मी होईल. पाऊस पडेस्तोवर निम्मीच.

अण्णाराव : निम्मी तर निम्मी. अशी निम्मी मला पुऱ्यापेक्षा जादा हाय. आन दगडोबांना कळवलंस का काही?

साहेबराव : आत्ताच तर निकाल लागला. काय कळवू?

अण्णाराव : इचारत व्हते ना ते, आत कुठवर जाऊ देतात म्हून.

साहेबराव : हाव.

अण्णाराव : म्हणावं, उमरीहून निघताना नखं काढून निघा. खमिराच्या खोलीपर्यंत यायचं हाय.